बंद घरातले एक्कावन्न युनिट

१

रविवारी सकाळी सातला दहा कमी असताना मेहुणी दारात येऊन उभी राहिली, तेव्हा मीटरकाका बुटाची नाडी बांधत होते. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी दम भरल्यापासून ते रोज सातच्या ठोक्याला फिरायला निघत. मेहुणीने चपलासुद्धा काढल्या नाहीत. तिने फोन सरळ त्यांच्या नाकासमोर धरला.

"भावोजी, चोरी झाली."

"काय गेलं?"

"वीज."

काकांनी नाडी सोडून दिली. चौतीस वर्षं त्यांनी वीज कंपनीत मीटर वाचले होते आणि त्यातली शेवटची नऊ वर्षं वीजचोर पकडण्यात घालवली होती. आकडे टाकणारे, मीटरला लोहचुंबक लावणारे, भिंतीतून वायर फिरवणारे, सगळे त्यांच्या हाताखालून गेले होते. गल्लीत त्यांचं खरं नाव कोणाच्या लक्षात नव्हतं.

"बस. पहिल्यापासून सांग."

मेहुणी बसली. तिचं एक दोन खोल्यांचं घर होतं, शिंप्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. ते ती पाहुण्यांना चार-आठ दिवसांसाठी भाड्याने देई. पूर्वी दोघी बहिणी मिळून ते चालवत. थोरली, म्हणजे काकांची बायको, आठ महिन्यांपूर्वी गेली. तेव्हापासून धाकटी एकटीच बघत होती.

"गेले दोन महिने विजेचा आकडा फुगतोय. मला वाटलं पाहुणे उधळतात. घर दुसऱ्याचं, वीज दुसऱ्याची, त्यांना काय? म्हणून मी भिंतीवर कागद लावले. एकेकाला फोन करून झापलं. पण आता हे बघा. मागच्या रविवारी दुपारी पाहुणे गेले. चकाचकने घर आवरलं, मीटरचा फोटो काढला, कुलूप लावलं. काल सकाळी सव्वादहाला तिने उद्याच्या पाहुण्यांसाठी घर उघडलं. वर जायच्या आधी तिने पुन्हा मीटरचा फोटो काढला. मधले सहा दिवस घर बंद."

चकाचक म्हणजे घर आवरणारी बाई. काम झालं की ती कमरेवर हात ठेवून "चकाचक!" म्हणायची, म्हणून सगळे तिला तेच म्हणत.

काकांनी दोन्ही फोटो पाहिले आणि चष्मा न लावता वजाबाकी केली. "एक्कावन्न."

"बंद घरात! फ्रिज आणि एसीचा भिंतीवरचा तो डबा मिळून दिवसाला एक युनिट घेतात. म्हणजे सहा व्हायला हवे होते."

"उरले पंचेचाळीस. किल्ल्या किती?"

"दोनच. एक माझ्या पर्समध्ये, दुसरी चकाचककडे." मेहुणीचा आवाज कडक झाला. "मी तिला कालच सांगून टाकलंय. उद्या अकराला किल्ली आणून दे, पुन्हा येऊ नकोस. घर रिकामं बघून माणसं आणून बसवत असणार."

काकांनी सुटलेली नाडी पुन्हा बांधली. चकाचक त्या गल्लीतली आणखी तीन घरं आवरायची. इथून चोर म्हणून निघाली तर तीही दारं बंद होणार होती. आणि बायकोच्या शेवटच्या महिन्यात, काहीही न मागता, रोज दुपारी येऊन तिचे केस विंचरणारी हीच बाई होती.

"तिने कबूल केलं?"

"चोर कधी कबूल करतो का?"

"चौतीस वर्षांत पुराव्याशिवाय एकाही माणसाचं नाव मी कागदावर लिहिलं नाही," काका म्हणाले. "उद्या अकरापर्यंतचा वेळ मला दे."

"अहो, पण तुम्हाला झेपेल का? मंगळवार-बुधवार तापाने फणफणला होतात. अंथरुणातून उठत नव्हतात, मीच डबा आणून देत होते."

"आता ठणठणीत आहे. चल."

त्यांनी टेबलावरून चष्मा, रुमाल आणि दोन्ही फोन उचलून शर्टाच्या खिशात कोंबले. पण औषध आणि नाश्ता उरकल्याशिवाय मेहुणीने त्यांना हलू दिलं नाही; तिच्या स्कूटरवर मागे बसून ते तिथे पोचले तेव्हा आठ वाजून गेले होते. काका वर जायच्या आधी जिन्याखाली वाकले. मीटरकडे बघितल्याशिवाय कुठल्याही घरात शिरायचं नाही, ही त्यांची सवय होती.

मीटरवरचा लाल दिवा भराभरा लुकलुकत होता.

काकांनी घड्याळ धरून मोजलं. मिनिटाला पन्नास. फ्रिज आणि डब्यावर तो दीड मिनिटात एकदा लुकलुकायला हवा होता.

"काय झालं?" मेहुणीने विचारलं.

"हळू बोल," काका म्हणाले. "वर कोणीतरी आहे."

२

वर कोणी नव्हतं.

कुलूप जसंच्या तसं होतं. खिडक्यांच्या कड्या आतून लागलेल्या होत्या. काकांनी पलंगाखाली पाहिलं, मोरीत पाहिलं, कपाट उघडून पाहिलं. माणूस सोडा, उशीवर सुरकुती नव्हती. फक्त दोन्ही खोल्यांतले एसी घोंघावत होते.

मेहुणीने भिंतीला पाठ लावली. तिच्या डोक्यावर तिचाच कागद चिकटवलेला होता: 'बाहेर जाताना एसी बंद करा. तुमच्या घरी असे करता का?' असे सात कागद दोन खोल्यांत होते.

काकांनी चादरीवर तळहात ठेवला, मग भिंतीवर. "अजून गरम आहे. खोली गार व्हायला सुरुवातही नाही झाली. पाच मिनिटंसुद्धा झाली नाहीत हे चालू होऊन."

"म्हणजे आपण येत होतो तेव्हा?"

"आपण गल्लीत शिरलो तेव्हा."

"बाई गं! कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवून आहे."

"असेल. पण मला एक सांग. चोरून वीज वापरणारा माणूस मालकीण येताना दिसली तर बटण बंद करेल की चालू?"

काकांना हे कोडं आवडलं. पुष्कळ दिवसांनी डोक्याला खाद्य मिळालं होतं. त्यांनी दोन्ही एसी हाताने बंद केले आणि दारामागच्या पांढऱ्या डब्यापुढे उभे राहिले. साबणाच्या वडीएवढा तो डबा त्यांच्या बायकोने बसवून घेतला होता. पाहुणे खिडक्या सताड उघड्या टाकून एसी सोळावर ठेवायचे आणि दिवसभर भटकायला जायचे. त्यांच्याशी ती दोन वर्षं भांडली. शेवटी म्हणाली, माणसं काही सुधारायची नाहीत, आता घरालाच शहाणं करते.

"हा डबा कोण चालवतं?" काकांनी विचारलं.

"कोणीच नाही. ताईला यायचं ते सगळं. मी नवा फोन घेतला, तो जोडलासुद्धा नाही. मला त्यातलं काही कळत नाही."

"चकाचकला बोलाव."

"ती येईल असं वाटत नाही."

ती आली. आणि आल्याआल्या तिने किल्ली काढून टेबलावर आपटली.

३

"ही घ्या. उद्याची वाट कशाला बघायची?" चकाचक म्हणाली. "नऊ वर्षं झाली मला. पाहुण्यांची सोन्याची साखळी गादीत सापडली तर पळत जाऊन परत दिली. आणि आता मी वीज चोरते? वीज पिशवीत घालून नेऊ की पदरात बांधून?"

"तुझी माणसं आणून बसवली असशील," मेहुणी म्हणाली.

"माझी माणसं म्हणजे मी आणि सासू. सासूला जिना चढवत नाही!"

"दोघीही थांबा," काका म्हणाले. "चकाचक, तू किल्ली उचल. उद्या अकरापर्यंत ती तुझी आहे. आता मला सांग, काल वर आलीस तेव्हा घरात काय वेगळं दिसलं?"

तिने किल्ली उचलली नाही. तिची नजर मात्र खाली गेली. काकांनी ते टिपलं. खरं बोलणारा माणूस रागावतो, पण लपवणारा जमिनीकडे बघतो, आणि ही दोन्ही करत होती.

"काय लपवतेस?"

"काही नाही."

"चकाचक. तू माझ्या घरी महिनाभर येत होतीस. मी तुला ओळखत नाही का?"

ती स्टुलावर बसली. "घर गार होतं. काल नाही फक्त. पाहुणे नसताना सकाळी आले की घर गारच असतं, दोनेक महिने झाले. मला वाटलं..." ती मेहुणीकडे न बघता म्हणाली, "मला वाटलं बाई माझ्यासाठी लावून ठेवतात. तीन घरं करून येते, घामाने निथळत असते. मग मी काम सुरू करायच्या आधी अर्धा तास इथे बसते. डबा खाते. मग एसी बंद करते. हीच माझी चोरी. लिहा कागदावर."

"मी कशाला लावून ठेवू?" मेहुणी म्हणाली.

"हो ना. तेच आता कळलं मला."

मग काकांनी विचारलं, "गार म्हणजे किती? नुकतंच लावल्यासारखं?"

"नाही हो. फरशी पायाला झोंबायची. दोन-तीन तास चालू असल्यासारखं."

काकांनी टेबलावरची किल्ली उचलून तिच्या हातात दिली आणि जिना उतरायला लागले. शेवटच्या पायरीवर त्यांचा पाय पाण्यात पडला. शिंप्याच्या दुकानाच्या बाजूला वरून एक नळी येत होती, नळीखाली बादली होती, आणि त्यांना बघताच शिंपी ती घाईघाईने पायाने आत ढकलत होता.

४

"पाणी फुकट जात होतं हो, काका!" काही विचारायच्या आतच शिंप्याने हात जोडले. "मी काही चोरलं नाही. एसीचं पाणी आहे. वरच्या दोन्ही एसींची नळी इथेच उतरते. या पाण्यात क्षार नसतात, वाफेच्या इस्त्रीला एकदम झकास. नळाच्या पाण्याने इस्त्रीची भोकं बुजतात."

"मी पाण्याचा खटला भरायला आलो नाही," काका म्हणाले. "रोज भरते बादली?"

"पाहुणे असले की रोज."

"आणि गेल्या आठवड्यात? घर बंद होतं."

"तेच तर नवल. मी साडेसातला दुकान उघडतो तेव्हा नळी ठिबकत असते, आणि सव्वाअकराला बंद. सोमवारी काठोकाठ भरली. मंगळवारी एक थेंब नाही. बुधवारीही नाही. माझी इस्त्री अडली, म्हणून चांगलं लक्षात आहे. गुरुवारी पुन्हा काठोकाठ, शुक्रवारीही. काल शनिवारी चार बोटं कमी."

"काल चकाचकने मधेच बंद केला."

"असेल. आज मात्र उशिरा ठिबकायला लागली आणि लगेच थांबली."

काकांनी वही काढायला खिशात हात घातला. शिंप्याची नजर त्या खिशावर खिळली. धंद्याची सवय.

"काका, शिवण उसवतेय. शर्ट डावीकडे लोंबतोय बघा. दोन-दोन फोन कशाला बाळगता?"

"एक जुना आहे," काका म्हणाले आणि विषय बदलला. "वर कोणी येताना-जाताना दिसलं या दिवसांत?"

"कोणीच नाही. सकाळी गल्लीत असतंच कोण? दूधवाला, पेपरवाला आणि फिरायला निघालेले तुम्ही."

वहीत काकांनी आकडे मांडले. दोन एसी मिळून तासाला तीन युनिट. पंचेचाळीस भागिले तीन, पंधरा तास. सोमवार, गुरुवार, शुक्रवार आणि शनिवारी फोटो काढेपर्यंतची सकाळ. चार, चार, चार आणि तीन. पंधरा!

हिशोब घड्याळासारखा जुळला. चोर रोज सव्वासातच्या सुमारास येत होता. आत न शिरता दोन्ही एसी चालू करत होता. चार तासांनी ते बंद होत होते. आणि मंगळवार-बुधवार चोराने सुट्टी घेतली होती.

५

डबा बसवणारा मिस्त्री दुपारी आला. तोंडात खिळे धरून बोलायची त्याला सवय होती, म्हणून आज तोंडात काही नसतानाही तो दातांतल्या दातांतच बोलत होता.

"चार तासांचं सांगतो. मोठ्या बाईंनीच तसं करून घेतलं होतं. कोणीही एसी लावला तरी चार तासांनी डबा तो बंद करणार. पाहुणा विसरला तरी वीज वाचते. हवा असेल तर पुन्हा दाबा."

"आणि चालू कोण करू शकतं?"

"भिंतीवरचं बटण. नाहीतर डब्याला जोडलेला फोन."

"पाहुण्यांचे फोन जोडलेले असतात?" मेहुणीने पटकन विचारलं. "ते अठरावाले! दहा दिवस राहून गेले. एसी अठरावर ठेवून दुलई घेऊन झोपायचे. त्यांचंच काम. दुरून चालू करत असणार, मी झापलं म्हणून."

"पाहुणा गेला की त्याचा फोन डबा आपोआप पुसतो," मिस्त्री म्हणाला.

तरीही काकांनी अठरावाल्यांना स्पीकरवर फोन लावला. कुठलाही धागा अर्धवट सोडायचा नाही, हीही सवयच. पलीकडून प्रसन्न आवाज आला.

"अहो, मी रागावलो नाही. पण खरं सांगतो, रात्री मी एसी बंद करून झोपायचो. सकाळी सव्वासातला तो आपोआप चालू व्हायचा आणि मी कुडकुडत उठायचो. मला वाटलं, पाहुण्यांना वेळेवर उठवायची तुमची पद्धत आहे. मी शेऱ्यात कौतुकसुद्धा लिहिलंय! तेवढं एक मात्र, 'दिवसभर एसी चालू ठेवलात' असं मला बोलायला नको होतं तुम्ही."

काकांनी फोन ठेवला. मेहुणीचा चेहरा उतरला होता.

"एक मजा लक्षात आली का?" काका म्हणाले. "चकाचकला वाटलं, तू तिच्यासाठी लावतेस. याला वाटलं, तू त्याला उठवतेस. शिंप्याला पाणी मिळालं. दोन महिन्यांत तक्रार कोणाचीच नाही. असा चोर मी आजवर पाहिला नाही. मिस्त्री, कोणत्या फोनने हुकूम दिला याची नोंद राहते?"

"राहते की. पण ती फक्त मुख्य फोनवर दिसते."

"मुख्य फोन कोणाचा?"

मिस्त्री घुटमळला. "मोठ्या बाईंचा."

मेहुणीने पदर डोळ्याला लावला. "म्हणजे संपलंच. तो फोन केव्हाच बंद पडला असेल. आता कसं कळणार?"

काकांचा डावा खिसा एकाएकी फार जड झाला होता.

६

संध्याकाळी उजेड असतानाच काका घरी आले आणि दोन्ही फोन त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

बायकोचा फोन त्यांनी आठ महिन्यांत एकदाही उघडला नव्हता. पण बंदही पडू दिला नव्हता. दर महिन्याला रिचार्ज करायचे, रोज चार्जिंगला लावायचे, बाहेर जाताना खिशात घ्यायचे. का, ते त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. ती बाहेर पडताना नेहमी फोन विसरायची आणि ते मागून घेऊन धावायचे. एवढंच.

आता मात्र ते स्वतःलाच साक्षीदाराच्या खुर्चीत बसवून प्रश्न विचारू लागले.

सव्वासातला त्या घराखालून रोज कोण जातं? मी. सातला निघतो, पंधरा मिनिटांत तिथे. हे केव्हापासून? दोन महिने. आकडा केव्हापासून फुगला? दोन महिने. मंगळवार-बुधवार कोण गेलं नाही? तापाने पडलेला माणूस. आज सकाळी एसी केव्हा लागले? मी स्कूटरवरून गल्लीत शिरलो तेव्हा.

चौतीस वर्षांत एवढा सरळ पुरावा त्यांना मिळाला नव्हता.

फोनच्या कुलपाचा आकडा त्यांना माहीत होता. राहत्या घराच्या मीटर नंबरातले शेवटचे चार. ती म्हणायची, हा आकडा तुम्ही जन्मात विसरणार नाही. डब्याचं चित्र दुसऱ्याच ओळीत होतं. नोंदी उघडल्या. सगळ्यात वर आजची होती.

'मोठी घराजवळ आली. दोन्ही खोल्या गार करायला घेतल्या. रविवार, आठ वाजून दोन मिनिटे.'

त्याखाली शनिवार, सात सोळा. शुक्रवार, सात सोळा. गुरुवार, सात सतरा. मग सोमवार. मंगळवार आणि बुधवार नव्हतेच. प्रत्येक ओळीची सुरुवात तीच होती: मोठी घराजवळ आली. मोठी घराजवळ आली.

काका बराच वेळ त्या ओळी वाचत बसले. शेवटी उठून त्यांनी तोंडावर पाणी मारलं, मेहुणीला फोन केला आणि म्हणाले, "उद्या साडेदहाला सगळ्यांना जिन्याखाली बोलाव. चोर सापडला. मी घेऊन येतो."

७

सोमवारी साडेदहाला जिन्याखाली दाटी झाली. चकाचक किल्ली मुठीत धरून उभी होती. मिस्त्री, गळ्यात टेप अडकवलेला शिंपी आणि मेहुणी मीटरभोवती उभे होते. काका कोपऱ्यावरून एकटेच चालत आले.

"चोर कुठाय?" मेहुणीने त्यांच्या मागे वाकून बघितलं.

"आधी मीटर बघ."

दिवा भराभरा लुकलुकत होता.

"मिस्त्री, वर जाऊन दोन्ही एसी बंद करून या. चकाचक, तू हा फोन घे. गल्लीतल्या बेकरीच्या पलीकडे, रस्त्याच्या टोकापर्यंत जा आणि परत ये."

तिने फोन हातात घेतला आणि उलटा केला. "काका, हे कव्हर मी आणून दिलं होतं मोठ्या बाईंना." मग ती निघाली. मिस्त्री वरून खाली आला. दिवा शांत झाला. सगळे घड्याळाकडे बघत राहिले. नऊ-दहा मिनिटांनी चकाचक कोपऱ्यावर दिसली, बेकरी ओलांडून पुढे आली, आणि दिव्याने एकदम धाव घेतली. वर एसी घोंघावले.

"अरे बापरे," शिंपी म्हणाला.

"पाहुणे यायच्या दिवशी माझी बायको किल्ली द्यायला यायची," काका म्हणाले. "उन्हातून आलेल्या माणसाने भट्टीत पाऊल टाकू नये, असं तिला वाटे. म्हणून तिने डब्याला सांगून ठेवलं होतं: मी घराजवळ आले की खोल्या गार कर. ती इथे फक्त पाहुण्यांसाठीच यायची. म्हणून त्या हुकमाला तारीख लावायचं तिला सुचलं नाही. फोन तिच्याशिवाय कोणी घेऊन फिरेल, हेही सुचलं नाही. फोन मी घेऊन फिरतोय. रोज सकाळी, या घराखालून. चोर मी आहे. पाहुण्यांनी काही उधळलं नाही, आणि चकाचकने तर नाहीच."

मेहुणी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिचा बांध फुटला. "भावोजी, ताईचा फोन चालू आहे, आणि मला सांगितलं नाहीत? तिचा आवाज असेल हो त्यात! आठ महिने एकट्याने धरून बसलात!"

"चुकलं माझं."

"चुकलंच!" ती नाक पुसत चकाचककडे वळली. चकाचकने मूठ उघडून किल्ली पुढे केली. अकरा वाजायला पाच मिनिटं होती. मेहुणीने ती मूठ दोन्ही हातांनी पुन्हा मिटवली. "माझ्या तोंडाला हाड नाही गं. तू राग धर, पण काम सोडू नकोस."

"राग धरणारच, चांगला महिनाभर," चकाचक म्हणाली. "आणि आधी भिंतीवरचे ते कागद काढा. पाहुणे दारातच घाबरतात. त्या अठरावाल्यांनाही फोन करा."

मिस्त्री खाकरला. त्याने बायकोचा फोन हातात घेतला होता, बोट काचेवर टेकवून. "काका, हा हुकूम पुसू का?"

काकांनी फोनकडे पाहिलं नाही, मीटरकडे पाहिलं.

"तिच्या फोनवरून पूस. चकाचकच्या फोनवर घाल. पाहुणे यायच्या दिवशी शेवटचा हात फिरवायला तीच येते. फक्त त्याच दिवशी चालेल असं कर. तारीख लाव. इतर दिवशी गल्लीतून कोणीही गेलं तरी घराने हलायचं नाही."

"माझ्या फोनवर?" चकाचक म्हणाली.

"तुला वाटत होतंच ना तुझ्यासाठी लावतात? आता खरंच तुझ्यासाठी."

"आणि माझी बादली?" शिंप्याने विचारलं, आणि मेहुणी रडतारडता हसली.

पाहुणे त्याच दिवशी दुपारी बाराला आले आणि गुरुवारी गेले. शुक्रवारी सकाळी सात सोळाला काका गल्लीत शिरले. शिंप्याने त्यांच्या शर्टाला आतून दुसरा खिसा शिवून दिला होता. दोन्ही फोन आपापल्या जागी होते. त्यातला एक कालची रात्र मेहुणीकडे राहून आला होता.

ते जिन्याखाली मीटरपुढे उभे राहिले. दिवा विझलेला होता. काकांनी घड्याळ धरलं. एक मिनिट गेलं, अर्धं आणखी गेलं. दिवा एकदा लुकलुकला आणि पुन्हा विझला. फ्रिज आणि डबा. वर कोणी नव्हतं, आणि आता ते घरालाही कळलं होतं.

शिंपी शटर वर करत म्हणाला, "काका, नळी आज कोरडी हो."

"कोरडीच राहणार," काका म्हणाले. "इस्त्रीला पाणी उकळून घे." आणि ते बेकरीच्या दिशेने चालू लागले.